घट्ट हाताची बाही

रविवारी बहिणीचा साखरपुडा आणि इथे रेवतीचं मनगट मुरगळलेलं! बहिणीसाठी विणायला घेतलेल्या क्रोशाच्या श्रगची, म्हणजे ड्रेसवर घालायच्या जाळीदार जाकिटाची, एक बाही अजून बाकी. सासूबाई तर पहिल्यापासून नाक मुरडत होत्या, "नुसती भोकं! यात अंग काय झाकणार?"

दोन दिवसांनी बघते तर काय, बाही तयार! सासूबाईंनीच विणलेली. पण त्यांचा विणायचा हात घट्ट, म्हणून चांगली दोन बोटं अरुंद.

"बिघडवलंच मी. उसव गं," त्या ओशाळून म्हणाल्या.

तेवढ्यात बहीण आली, तिनं श्रग घालून बघितला. रेवतीची सैल बाही सारखी घसरत होती, सासूबाईंची मात्र दंडावर अगदी मापात बसली.

रेवतीनं श्रग सासूबाईंच्या हातात दिला. "आई, उसवायची तर माझी उसवू. तीही तुम्हीच विणा ना!"

"विणते. पण मग रविवारपर्यंत पोळ्या तुझ्या नवऱ्याच्या हातच्या!"