इस्त्रीच्या टेबलावरचा टेक

"तुझा भाऊ बुडाला नव्हता. मी खोटं बोलले," बेरिलने वाचलं. साबणाच्या पुड्यावरची सूचना वाचावी तसं.

हेस्टरने धक्का बसल्याचा चेहरा केला. डोळे मोठे केले, ओठ किंचित उघडे ठेवले. मग तिचं तिलाच हसू आलं. इस्त्रीच्या टेबलावर घेवड्याच्या तीन डब्यांची उतरंड रचून त्यावर फोन उभा केला होता. तिने तो बंद केला.

"आई, जरा जीव ओतून वाच ना."

"जीव तू ओतायचा. मी कुठे दिसणार आहे? आणि तुझा चहा गार झाला."

हल्ली कुणी कलाकाराला लंडनला बोलावत नाही. घरीच भिंतीवर चादर लावायची, फोनसमोर उभं राहायचं आणि ऑडिशन पाठवून द्यायचं. समोरच्या पात्राची वाक्यं कुणीतरी फोनशेजारी उभं राहून वाचायची. हेस्टरसाठी हे काम बेरिल करायची. आधीच्या तालमीही धरल्या तर बावीस वर्षं करत होती. तिच्या वाचण्यात अभिनय नावालाही नव्हता, पण एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. मागची निळी चादरही तिचीच. कधीकाळी कोपऱ्यात फाटली, तेव्हा "असू दे, कामाला येईल," म्हणून तिने ती घडी घालून ठेवली होती. जॅमच्या बरण्या, नाताळातल्या भेटींचे कागद, रिबिनी, या घरातून काही म्हणून बाहेर जात नसे.

हेस्टर सेहेचाळीस वर्षांची होती. अकरा सिनेमे झाले होते, सगळे कमी पैशांत केलेले, मनापासून केलेले. एकाला महोत्सवात बक्षीसही मिळालं. बेरिलने सगळे पाहिले आणि प्रत्येक वेळी सांगितलं, "छान होता. अंधार फार होता." टीव्हीवर हेस्टर चारदा नर्स झाली आणि दोनदा प्रेत. आता पहिल्यांदाच मुख्य भूमिका समोर आली होती. सहा भागांची मालिका, आणि ही तिच्यातली पोलीस अधिकारी. कालचं ऑडिशन दिग्दर्शिकेला आवडलं, पण एजंटकडून निरोप आला होता: सगळं छान, धक्का तेवढा खोटा वाटतो. बारापर्यंत पुन्हा पाठव.

अकरा वीस झाले होते.

चित्रीकरण बेलफास्टला होतं, पाच महिने. ईस्टरपासून बेरिल दोनदा पडली होती. दुसऱ्यांदा पडली तेव्हा शेजारीण येईपर्यंत तासभर स्वयंपाकघरातल्या फरशीवरच होती. तिला एकटीला ठेवून जाणं शक्य नव्हतं. म्हणून हेस्टरने टेकडीवरच्या क्लिफ हाउस वृद्धाश्रमात गुपचूप एक खोली सांगून ठेवली होती. भूमिका मिळाली तर आईला सांगू, नाही मिळाली तर खोली सोडून देऊ, असा तिचा हिशेब होता. खरं म्हणजे तिला आईची भीती वाटत होती. सत्तावन्न वर्षं एका घरात काढलेल्या बाईला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसरा टेक पहिल्याहून वाईट झाला.

"भुवया फार नाचतात तुझ्या," बेरिल म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"मग नाचवू नकोस."

अकरा चाळीस. हेस्टरने चादर सारखी केली, फोन सुरू केला आणि जागेवर येऊन उभी राहिली. नजर कॅमेऱ्यात ठेवायची नसते, शेजारच्या माणसावर ठेवायची असते. शेजारी आई होती. तिने कागद खाली धरला होता आणि चष्मा काढला होता.

"नदीत काय सापडलं, आई?" हेस्टरने आपलं वाक्य म्हटलं.

"क्लिफ हाउसमधल्या बाईंचा फोन आला होता," बेरिल म्हणाली. आवाज तोच, साबणाच्या पुड्याचा. "माझी खोली तयार आहे म्हणे. पडदे कुठल्या रंगाचे हवेत, विचारत होत्या."

हेस्टर भुवया नाचवायलाही विसरली. आईच्या हातातल्या कागदाकडे ती नुसती बघत राहिली. तिला लाज वाटली, इतकी की कुठे बघावं ते कळेना.

"कधीपासून माहीत आहे तुला?" अखेर ती म्हणाली. कागदावर तिचं पुढचं वाक्य हेच होतं. पण ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

"तीन आठवडे झाले. पिवळे सांगितलेत मी."

मग बेरिल दोन पावलं पुढे आली, टेबलाला धरून वाकली आणि तिने फोनवरचं लाल बटण दाबलं. नीट टिपलं गेलं ना, तेही तपासलं.

"पाठव हा."

"आई, मी..." हेस्टर रडत होती. "हा नाही पाठवणार मी. त्यात तू... पडद्यांचं बोलली आहेस."

"माझं बोलणं कोण ऐकतंय? त्यांना तुझं तोंड बघायचंय. बारा वाजायला आले."

"तीन आठवडे गप्प बसलीस? त्याच दिवशी मला का नाही विचारलंस?"

बेरिलने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. हातातल्या कागदाची सवयीने घडी घातली.

"धक्का बसलेला दाखवणं तुला लहानपणापासून जमलं नाही," ती म्हणाली. "म्हटलं, असू दे, कामाला येईल."