सुट्ट्यांतला राजा

"देशाच्या चलनावर हल्ला झालेला आहे," मोठ्या साहेबांनी स्टुलावर उभं राहून जाहीर केलं. हल्ल्यात आतापर्यंत साहेबांचं एकच नाणं कामी आलं होतं. सकाळी त्यांनी जिन्यालगतच्या कॉफीच्या मशीनमध्ये मोठं नाणं टाकलं, तर परत आलेल्या सुट्ट्यांत कुठल्याशा परक्या राजाचं डोकं निघालं.

सगळी कचेरी मान खाली घालून उभी होती. आवक-जावकच्या टेबलावरचे टपालकाका जरा जास्तच खाली. त्यांचा मेव्हणा जन्मभर बोटीवर फिरला आणि परतल्यावर काकांना काय दिलं, तर डबाभर परदेशी चिल्लर. मशीनला वजन कळतं, राजा कळत नाही, हा शोध काकांना अपघाताने लागला. पुढे सहा महिने त्यांनी तो रोज पडताळून पाहिला.

"ज्याने हे केलं, त्याचं पेन्शन अडवीन मी."

काकांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. पेन्शनच्या भरवशावर काकूंनी स्वयंपाकघराच्या फरशा पसंत करून ठेवल्या होत्या. काका गप्पच राहिले असते. पण साहेबांनी नजर रोखली ती टायपिस्टबाईंवर. बाई दिवसाला चार कप पीत.

"साहेब, नाणी माझी," काका म्हणाले. "म्हणजे मेव्हण्याची. टाकली मी."

साहेबांना गुन्हेगार इतक्या लवकर नको होता. भाषण अर्धं उरलं होतं. ते नाइलाजाने खाली उतरले. दर सोमवारी मशीनमधली नाणी काढून न्यायला येणारा कंपनीचा माणूस तिथेच उकिडवा बसला होता. साहेबांनी त्याच्यापुढे कागद धरला.

"तक्रार लिहा. तेवढी हातात आली की ह्यांचं बघतोच."

"कसली तक्रार?" तो म्हणाला. "कंपनीचं काहीच गेलेलं नाही. परकं नाणं निघालं की त्याच्या जागी मी माझ्या खिशातलं टाकतो."

"तुम्ही? ते का म्हणून?"

त्याने पिशवीतून जाडजूड वही काढली. पानापानावर प्लास्टिकचे कप्पे, कप्प्याकप्प्यात घासूनपुसून लख्ख केलेली नाणी, खाली बारीक अक्षरात देशांची नावं. कचेरी वाकून बघू लागली. मग साहेबही चष्मा पुसून वाकले. कागद कोराच राहिला.

तो माणूस काकांकडे सरकला आणि दबल्या आवाजात म्हणाला, "काका, कासवाच्या छापाची चार झाली. या आठवड्यात जरा जहाजाची टाकाल का?"