पालकाची सही

माझी पहिली कादंबरी सोळाव्या वर्षी छापून आली. आमच्या घरात मात्र असं काही घडलेलंच नाही. आई पाहुण्यांना सांगते, "ही? दिवसभर मोबाइल बघत असते."

अठरा वर्षं पूर्ण नव्हती, म्हणून प्रकाशकाच्या करारावर पालकाची सही हवी होती. नायिका घर सोडून जाते हे वाचून बाबा म्हणाले, "कार्टीला दिवेलागणीच्या आत घरी आण, मग सही." मी आणली. त्यांनी लगेच सही ठोकली. पुढच्या पानावर ती सकाळचा चहा पिऊन, बापाला सांगून पुन्हा निघते, तेवढं वाचायचं राहिलं त्यांचं.

आता दुसरी कादंबरी तयार आहे. बाबा आधी शेवटचं पान मागतायत. नायिका याही वेळी घरी थांबणार नाही.



तरी संबंधित खात्याने माझा अठरावा वाढदिवस दीड वर्ष अलीकडे घ्यावा, ही नम्र विनंती.