दाराकडे तोंड

फ्रान्समध्ये सिनेमाच्या सेटवर दोरीला कोणी दोरी म्हणत नाही; अपशकुन मानतात. सुतळी म्हणतात, तार म्हणतात, काहीच सुचलं नाही तर 'ते' म्हणतात. चुकून तो शब्द तोंडातून गेला, की सगळ्यांना दारू पाजायची.

नॉर्मंडीतल्या त्या गोठ्यात सकाळपासून 'ते' तुळईला बांधलेलं होतं. खाली म्हाताऱ्या शेतकऱ्याचे कपडे घातलेला पुतळा लटकत होता.

"हा प्रसंग गाळू या ना, साहेब," ओडील तिसऱ्यांदा म्हणाली. तीस वर्षं ती दिग्दर्शक व्हेर्दिएसाहेबांची सहायक होती. "शेवट बाहेर शेतातही करता येईल."

"मी आजवर काही गाळलंय?"

ईस्टरच्या सुमारास साहेबांचा मुलगा बास्तियां गेला. हृदयविकार, एवढंच साहेबांनी सांगितलं. अंत्यविधीला कोणालाच बोलावलं नाही. ओडीलचा त्या हृदयविकारावर कधीच विश्वास बसला नव्हता, पण विचारायची तिची छाती झाली नाही.

कॅमेरा सुरू झाला. शेतकऱ्याच्या मुलाचं काम करणारा गाएतान आत आला, त्याने वर पाहिलं आणि किंकाळी फोडली.

"थांब. ओरडू नकोस," व्हेर्दिए म्हणाले. "ओरडत नाही माणूस. आधी पडलेलं स्टूल सरळ करतो. उगाचच. मग पाय धरून वर उचलतो, म्हणजे दोरी सैल होईल असं त्याला वाटतं."

गाएतान हसत सुटला. त्याचा हा पहिलाच सिनेमा होता. "दंड! साहेब स्वतःच म्हणाले! पाजा आता सगळ्यांना!"

कोणीच हसलं नाही. दिवेवाल्याने मान खाली घातली. बिचाऱ्या गाएतानच्या टाळीला गेलेले हात तसेच हवेत राहिले.

"बरोबर बोलतोय पोरगा," व्हेर्दिए शांतपणे म्हणाले. "नियम तो नियम."

शेजारच्या शेतावरून सफरचंदाची दारू आली. कॉफीच्या कपांतून साहेबांनी ती स्वतःच्या हाताने ओतली. सगळे पुतळ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"साहेब, मला खरंच माहीत नव्हतं..." गाएतान पुटपुटला.

"कोणालाच नव्हतं. मीच सांगितलं नाही." व्हेर्दिएंनी कप उचलला. "बास्तियांसाठी. तेव्हा तुम्हाला बोलवायला हवं होतं."

सगळे प्यायले.

"चला, पुन्हा घेऊ. पुतळा नीट करा."

ओडील पुढे झाली. साहेबांना निदान ते तोंड तरी दिसू नये, म्हणून तिने हळूच पुतळा भिंतीकडे वळवला.

"तिकडे नको, ओडील," कॅमेऱ्यातून डोळा न काढता व्हेर्दिए म्हणाले. "दाराकडे. तो दाराकडे बघत होता."