सोनमचा सर्व्हर

माझ्या पणतीचं बारसं झालं, त्या वर्षीची गोष्ट. बारशालाही थोरले बंधू आण्णा आले नाहीत. मेंढरांच्या कळपाच्या वाटणीपासून आम्हा भावांचं बोलणं बंद होतं. सोलापुरात त्यांच्या नातीनं, सोनमनं, दूरचा संगणक भाड्यानं घेऊन घरच्यांसाठी गाव वसवायच्या खेळाचा सर्व्हर उभारला. यादीत नाव असेल त्यालाच प्रवेश, आणि यादी आण्णांच्या हातात. मलाही खेळात घे म्हणून मी अकलूजहून सोनमला फोन केला. तिनं फोन चालू ठेवूनच माझ्यासाठी विचारलं, “आण्णा, बिरुआजोबांचं नाव घालू?” मागून आण्णांचा आवाज आला, “मेंढरं राखता येत्यात का त्याला, इचार.” “तुमीच शिकवलंय की!” मी फोनवरूनच ओरडलो. “मग घाल नाव. पण मेंढरांवर धावणारं त्याचं कुत्रं बांधून ये म्हणावं.” खेळात नातवंडं बंगले बांधत होती. आम्ही दोघांनी आधी तिथल्या मेंढरांना कुंपण घातलं, दोघांत मिळून एकच. आण्णा त्याच वर्षी पौषात वारले.