बशीरचाचांचा ‘सा’

मिरजेच्या बशीरचाचांनी आयुष्यभर आपल्या गळ्यातल्या ‘सा’वर तंबोरे जुळवले. यंदा गिऱ्हाइकं परत येऊ लागली: “चाचा, पेटीबरोबर लावला की सूर खाली पडतोय.” चाचांनी नवी कामं घेणंच सोडलं. डायलिसिस चालू असताना, ऐन वैशाखात स्वेटर घालून, ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “तुमच्या नव्या गोळीनं रक्त वाढलं, पण माझा कान गेला बघा.” रक्त वाढूनही थंडी? बाईंना नवल वाटलं. “जरा ‘सा’ लावा.” जाडसर, घोगरा स्वर उमटला. “चाचा, कान शाबूत आहे. गळा उतरलाय.” तपासणीत थायरॉइड मंदावलेलं निघालं, त्या गोळीमुळंच. बाईंनी गोळी थांबवून रक्तवाढीचं इंजेक्शन सुरू केलं. गणपतीत चाचांनी ‘सा’ लावला. उन्हाळ्यात जुळवलेला तंबोरा खालीच वाजला. त्यांनी खुंटी पिळली, अंगातला स्वेटर काढून भोपळ्यावर पांघरला. “माझं दुखणं तू अंगावर काढलंस व्हय रं!”