बुटातली जोडवी

"ताई, ती जोडवी काढा आता, बोटं सोलून निघालीत," मलम लावता लावता डॉक्टरीणबाई वैतागल्या. जयमालानं नकारार्थी मान हलवली आणि सुजल्या पायावर पुन्हा बूट चढवला. जखमी जवानांच्या मदतीसाठी निघालेली सातारा ते पुणे पदयात्रा आज संध्याकाळी त्या जवानांच्या पुनर्वसन केंद्रावर पोचणार होती.

तिचा नवरा तिथंच होता. सुरुंगाच्या स्फोटात डोळे गेले तेव्हापासून दोन वर्षं तो घरी फिरकला नव्हता. "आलीस तरी मला दिसणार आहेस का? येऊ नको," एवढंच फोनवर म्हणायचा.

पूर्वी रजेवर आला की बाजाराच्या वाटेवर तो कायम दहा पावलं पुढं असायचा. मागं वळून बघणं त्याच्या अगदी जिवावर यायचं. पण डांबरावर तिची जोडवी वाजायची थांबली, की तोही थांबायचा. "मागं पडलीस का गं?" म्हणायचा.

केंद्राच्या फाटकात जवान गुलाबाची फुलं घेऊन रांगेत उभे होते. काळा चष्मा लावलेला तो शेवटी होता. ती समोर गेली. ती 'अहो' म्हणणार, तेवढ्यात तोच बोलला.

"आपण आलात, फार बरं वाटलं," असं म्हणत त्यानं तिच्यापुढं फूल धरलं.

फूल न घेताच ती दहा पावलं मागं गेली. बूट काढले आणि अनवाणी चालत त्याच्याकडे निघाली.

फूल धरलेला हात त्यानं खाली घेतला.

"फारच मागं पडलीस गं."